टाकीतला पंप आणि इंजिनाची तहान

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) या गावाचे नाव घेतले की आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आठवते. याच गावात अभियांत्रिकीचेही महाविद्यालय आहे. तेव्हा ‘पंप’ हा विषय शिकवताना सुरुवात हृदयापासून करावी की मोटारीपासून? आपण दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

विश्रांती घेत असलेल्या मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे तासाला ३०० लिटर रक्त ढकलते. मोटारीच्या टाकीतला इंधनपंप तासाला साधारण १०० लिटर पेट्रोल ढकलतो असे धरू. मग हृदयाची शक्ती पंपाच्या तिप्पट म्हणायची का? नाही. रक्ताचा सरासरी दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा, म्हणजे ०.१३ बार असतो, तर इंधनपंपाला ३ बारच्या आसपास दाब द्यावा लागतो. दाब आणि दर सेकंदाला ढकललेले आकारमान यांचा गुणाकार केला, तर हृदयाची शक्ती १ वॉटच्या थोडी वर येते आणि पंपाची ८ वॉटच्या वर. म्हणून पंपाविषयी नुसते ‘किती लिटर?’ असे विचारून भागत नाही. ‘किती दाबाला किती लिटर?’ असे विचारावे लागते.

गाडी ‘मॉडिफाय’ करण्याची हौस असलेली मुले हाच प्रश्न विसरतात. टर्बो बसवला की ‘पंपही मोठा टाक, पॉवर वाढेल’ असा सल्ला हमखास मिळतो. पंपाने खरोखर शक्ती वाढते का, ते तपासून पाहू.

आधी हवा, मग पेट्रोल

इंजिनाची शक्ती ठरते ती त्यात किती हवा जाते यावरून. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण जोर लावताना मिश्रण जरा दाट, म्हणजे १२.५ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल असे ठेवतात. हवा वाढवली नाही आणि पेट्रोल वाढवले, तर जादा पेट्रोल न जळताच धुराड्यातून जाईल. पंप शक्ती निर्माण करत नाही. वाढलेल्या हवेला पुरेल एवढे इंधन पोचवणे हे त्याचे काम.

आता हिशेब करू. १०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७५ किलोवॉट. पूर्ण जोरात इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर पेट्रोलमधून ३०० किलोवॉट उष्णता मिळायला हवी. १ किलो पेट्रोलमधून सुमारे ४३ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे सेकंदाला ७ ग्रॅम, तासाला २५ किलो, अर्थात सुमारे ३४ लिटर पेट्रोल लागेल. २०० अश्वशक्तीला ६८ लिटर. १०० लिटरचा मूळ पंप दोन्हींना पुरेल असे वाटते. पण टर्बोने १ बार जादा दाबाने हवा आत रेटली, की इंजेक्टरमागचा दाबही ३ वरून ४ बार करावा लागतो. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. समजा, तो ७० लिटरवर आला. मग हाताशी फारसे काहीच उरत नाही.

याउलट उदाहरण घ्या. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत पेट्रोल इंजिनाची सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या गळ्यातूनच घ्यावी लागते. गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की प्रवाह आणखी वाढत नाही. ही मर्यादा सेकंदाला ७४ ग्रॅमच्या आसपास येते. तेवढ्या हवेला तासाला सुमारे २९ लिटर पेट्रोल पुरते. तिथे मोठा पंप बसवणे म्हणजे निव्वळ वजन वाढवणे होय.

दाब उतरला तर काय होते?

इंजेक्टरमधून येणारे पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. पंप कमी पडून हा फरक ३ वरून २.४ बारवर आला, तर पेट्रोल सुमारे साडेदहा टक्क्यांनी घटते आणि १२.५ चे मिश्रण १४ चे होते. आकडा लहान दिसतो, परिणाम मोठा असतो. दाट मिश्रणातल्या जादा पेट्रोलची वाफ होताना सिलिंडर थंड राहतो. हे थंडावणे कमी झाले की मिश्रण अवेळी, आपोआप पेटू लागते आणि इंजिन ठोके देते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पिस्टन अशा वेळी काही सेकंदांतही निकामी होऊ शकतो. गावात फिरताना हा दोष जाणवत नाही. तो दिसतो फक्त पूर्ण जोरात, म्हणजे नेमका नको त्या वेळी.

उन्हाळ्याची परीक्षा

वर्ध्याला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पेट्रोलमधले हलके घटक मात्र ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पडद्याचा पंप गरम इंजिनाला चिकटून बसवलेला असे. मिस्त्री लोक त्याला ‘एसी पंप’ म्हणत. तो टाकीतून लांबवरून पेट्रोल ओढी. ओढताना दाब घटतो, दाब घटला की उत्कलनबिंदू खाली येतो, नळीत वाफ होते आणि गाडी बंद पडते. मग चालक पंपावर ओले फडके टाकत. पंप टाकीत बुडवून ठेवला की तो ओढण्याऐवजी ढकलतो आणि भोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

मोठ्या पंपाचा तोटा इथे कळतो. तो १३.५ व्होल्टवर १० अँपिअर घेत असेल, तर १३५ वॉट होतात. न वापरलेले पेट्रोल फिरून टाकीत येत असेल, तर यातली बहुतेक उष्णता शेवटी त्या पेट्रोलमध्येच उतरते. टाकीत ५ लिटरच उरले असेल आणि उष्णता बाहेर गेली नाही असे धरले, तर तापमान मिनिटाला सुमारे १ अंशाने वाढते. म्हणून टाकी तळाला जाऊ देऊ नये.

तार आणि इथेनॉल

अनेकदा दोष पंपात नसून तारेत असतो. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या ५ मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०८६ ओहम असतो. १० अँपिअरला तिच्यातच ०.८६ व्होल्ट खर्च होतात, जोडांतले वेगळेच. व्होल्टेज घटला की मोटर मंदावते. ४ चौरस मिलिमीटरची तार, रिले आणि योग्य फ्यूज घातला, तर ही घट ०.२ व्होल्टवर येते.

२०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून १ ग्रॅमला ९ ग्रॅमच हवा लागते. तेवढ्याच हवेला आता सात-आठ टक्के जादा लिटर इंधन लागते. पंप निवडताना हेही धरायला हवे, आणि त्याचे रबर व प्लॅस्टिक इथेनॉलला टिकणारे हवे.

वर्गासाठी

‘पेट्रोलमध्ये विजेची मोटर, मग स्फोट कसा होत नाही?’ असे मुले विचारतीलच. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. बंद टाकीत वाफ बहुधा याहून पुष्कळ जास्त असते आणि हवा अपुरी पडते. टाकीबाहेर मात्र गळणारा एक जोडही आग लावू शकतो. म्हणून पेट्रोलचा कोणताही प्रयोग शाळेत करू नये.

करायचा तर तारेचा प्रयोग करावा. १२ व्होल्टच्या बॅटरीला मोटारीचा दिवा आधी लांब बारीक तारेने, मग तेवढ्याच लांबीच्या जाड तारेने जोडावा आणि दोन्ही वेळा दिव्याच्या टोकांशी व्होल्टेज मोजावा. मोठ्या मुलांना वरचा पेट्रोलचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करू द्यावा.

त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. अशा गाड्यांची जागा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर आहे. आणि तिथेही पंप विकत घेण्याआधी हवा, दाब, व्होल्ट आणि तापमान या चारांचा हिशेब कागदावर मांडायला हवा.