मुलगा लांडगा होतो तेव्हा

बैठकीत हप्ते, व्याज, वसुली यांचं बोलणं आटोपलं की विषय हमखास मुलांवर येतो. "पोरगा हल्ली बोलतच नाही. आरशासमोरून हलत नाही. काही विचारलं की अंगावर येतो." गावोगावच्या गटांत आम्ही हे ऐकतो. म्हणून आज आम्ही तुम्हाला एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहोत. सिनेमा अमेरिकेतला आहे, १९८५ सालचा, आणि विनोदी आहे. नाव 'टीन वुल्फ', म्हणजे किशोरवयातला लांडगा.

पौर्णिमेच्या रात्री काही माणसांचा लांडगा होतो, अशी युरोपात जुनी समजूत आहे. त्यावर अंगावर काटा आणणारे पुष्कळ सिनेमे निघाले. या सिनेमाने तीच गोष्ट हसत हसत सांगितली. नेब्रास्का राज्यातल्या एका लहान गावात स्कॉट हॉवर्ड नावाचा शाळकरी मुलगा राहतो. वय सतरा. आई वारलेली, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. स्कॉट शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे, पण संघ सारखा हरतो. आपण अगदीच सामान्य आहोत, याचा त्याला कंटाळा आलेला आहे. ही भूमिका मायकेल जे. फॉक्स या नटाने केली.

मग स्कॉटच्या अंगात काहीतरी होऊ लागतं. छातीवर एकच लांबलचक केस उगवतो. आवाज मध्येच घोगरा होतो. डोळे लाल चमकतात. या नव्या ताकदीचा त्याने सुरुवातीला काय उपयोग केला, माहीत आहे? दारूच्या दुकानातला म्हातारा दुकानदार कमी वयामुळे बिअर देत नव्हता. स्कॉटने लाल डोळे दाखवून त्याच्याकडून बिअरचं पिंप मिळवलं. हसू येतं, पण वयच तसं असतं. हातात काही आलं की आधी ते मिरवावंसं वाटतं.

आता सिनेमातला आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग. रात्री स्कॉट न्हाणीघरात कोंडून घेतो. आरशात बघतो तर तोंडभर केस, टोकदार कान, सुळे आणि नखं. बाहेरून वडील दार वाजवतात. तो घाबरून दार उघडत नाही. शेवटी उघडतो, तर समोर वडीलही लांडग्याच्याच रूपात उभे! हे घराण्यातच आहे. वडिलांना सगळं ठाऊक होतं, पण मुलाच्या वाट्याला हे येणार नाही, या आशेवर ते गप्प राहिले होते. मुलगा चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्तच आहे.

मैत्रिणींनो, लांडगा बाजूला ठेवा. केस येणं, आवाज फुटणं, एकदम राग येणं, अंगाची लाज वाटणं, हे आपल्या घरातही घडतंच ना? मुलींना पाळीबद्दल आता कुणीतरी सांगतं. आई सांगते, आशाताई सांगतात, शाळेतल्या बाई सांगतात. मुलग्यांना मात्र कोण सांगतं? वडिलांना वाटतं, आपोआप कळेल. मग मुलगा मित्राला नाहीतर मोबाईलला विचारतो, आणि तिथे मिळेल ते खरं मानतो.

पुढची गोष्ट थोडक्यात. एका सामन्यात भर मैदानावर स्कॉटचा लांडगा होतो. क्षणभर सगळे थिजतात. पण तो असा काही खेळतो की लोक टाळ्या वाजवू लागतात. गाव घाबरत नाही, उलट डोक्यावर घेतं. मित्र स्टाइल्स लांडग्याच्या नावाचे टी-शर्ट विकायला काढतो. पूर्वी ढुंकून न बघणारी पामेला जवळ येते. लहानपणापासूनची मैत्रीण बूफ मात्र त्याला स्कॉट म्हणूनच ओळखते. संघ जिंकतो, पण चेंडू एकट्या लांडग्याच्या हातात. बाकीची मुलं नुसती उभी. जिंकूनही त्यांना आनंद होत नाही. पुढे नाचाच्या कार्यक्रमात पामेलाचा मित्र मिक त्याच्या मेलेल्या आईवरून बोलतो. स्कॉटचा तोल जातो आणि तो त्याच्यावर झडप घालतो. कालपर्यंत नाचवणारे लोक एका रात्रीत तोंड फिरवतात.

शेवटच्या सामन्यात स्कॉट लांडगा व्हायचं नाकारतो. साध्या रूपात उतरतो आणि चेंडू सगळ्यांना देतो. अगदी अखेरीला त्याला दोन मोकळे नेम मिळतात. दोन्ही तो स्वतःच्या हाताने जाळीत टाकतो. मग पामेलाला ओलांडून तो बूफकडे जातो.

हे आपल्या गटालाही लागू पडतं. एकच बाई हुशार म्हणून वही, बँक, अध्यक्षपद सगळं तिच्याकडे दिलं, की गट चालतो, पण बाकीच्या नुसत्या सह्या करतात. ती आजारी पडली की गटही आजारी पडतो.

एक सांगून ठेवतो. सिनेमात दारूच्या पार्ट्या आहेत, आणि समलिंगी माणसांना हिणवणारा एक शब्दही आहे. त्यामुळे मुलांना दाखवायचा असेल तर आधी स्वतः बघा. मग सोबत बसून बघा, आणि जे चुकीचं आहे ते तिथेच बोला.

मुलगा दहा-अकराचा झाला की घरातल्या पुरुषाने त्याच्याशी बोलायला हवं. वडील नसतील तर मामाने, काकाने बोलावं. तेही नसतील तर आईने बोलावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. "तुझा आवाज बदलेल, दाढी फुटेल, झोपेत कपडे ओले होतील. हा आजार नाही. सगळ्यांचं होतं, माझंही झालं होतं." एवढी चार वाक्यं वडिलांनी बोलली तरी पुरे. जास्त अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. ते कुठे आहे, हे आशाताईंना विचारा. तिथे मुलगेही जाऊ शकतात.

स्कॉटच्या वडिलांनी दार वाजवलं, पण थोडं उशिरा. आपण जरा आधी वाजवू या.