अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणीची टाळाटाळ

जळगावच्या गणेश कॉलनीत वा धुळ्याच्या देवपुरात प्रवेशाच्या हंगामात खोली शोधणाऱ्या चोपडा, रावेर, साक्री, शिरपूरकडील विद्यार्थ्यांना घरमालक आणि मध्यस्थ एक वाक्य हमखास ऐकवतात : अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. पालकही ते खरे मानून मुद्रांक कागदावर सह्या करून मोकळे होतात; महाराष्ट्रात मात्र हे विधान पंचवीस वर्षांपासून चुकीचे आहे.

या समजाचे मूळ १९०८च्या नोंदणी अधिनियमात आहे. त्यातील कलम १७नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांची मुदत देशभर रूढ झाली. परंतु ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५ने ही पळवाट बंद केली असून, भाडेपट्टा असो वा 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे जागेत कोणताही हक्क निर्माण न करता केवळ वापराची परवानगी देणारा करार असो, तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी विद्यार्थ्यावर नसून घरमालकावर आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. इतकेच नव्हे, तर नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत रकमेचा वाद उद्भवला की ही तरतूद किती मोलाची आहे ते उमगते.

नोंदणी केली तर भाडेकरू कायमचा ठाण मांडेल, ही घरमालकांची भीती तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. याच कायद्याच्या कलम २४नुसार परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेता येतो आणि दुप्पट दराने भरपाईही मागता येते. ज्या कागदाने मालकाचे संरक्षण होते तोच कागद टाळण्याचा हा अट्टहास अनाकलनीय आहे.

खर्चाची सबबही टिकत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परतावायोग्य अनामत रकमेवरील वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आहे. चार हजार रुपये भाडे व दहा हजार अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारासाठी हा हिशेब ११२ रुपयांच्या आसपास येतो. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे रुपये असून, आधार व अंगठ्याच्या ठशाच्या आधारे ही नोंदणी ऑनलाइनही होते.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी केवळ दस्त साक्षांकित करतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे ही वेगळी बाब असून ती कराराची जागा घेत नाही. मालक स्वतः दुसरीकडे राहत असेल, तर विद्यार्थ्याला 'पेइंग गेस्ट' म्हणून करार टाळता येत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येनुसार पेइंग गेस्ट म्हणजे मालक राहत असलेल्या जागेचाच एक भाग परवान्याने वापरणारी व्यक्ती.

शासकीय वसतिगृह न मिळाल्यास खोलीचा सारा भार घरच्यांवरच पडतो, हाही समज अर्धवट आहे. अनुसूचित जातींच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंम् या, वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्याच्या खर्चासाठी मदत देणाऱ्या योजना २०१६-१७पासून सुरू आहेत.