व्हॉल्व्ह प्रीॲम्प होम थिएटर रिसिव्हरला जोडताना

केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जपणारे रसिक गोमंतकात आजही आहेत. त्या पुन्हा ऐकण्यासाठी कोणी व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घेतो आणि दिवाणखान्यातील होम थिएटर रिसिव्हरला जोडू पाहतो. ही जोडणी अवघड नाही. मात्र एक चूक स्पीकरच्या जिवावर बेतू शकते.

रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येणारा विद्युतसंदेश सुमारे ५ मिलिव्होल्ट इतका क्षीण असतो. फोनो विभाग असलेला प्रीॲम्प तो वाढवतो आणि १९५४ पासून रूढ झालेल्या ‘आरआयएए’ प्रमाणानुसार खर्ज व तार स्वरांचा तोल पूर्ववत करतो. प्रीॲम्पमधून बाहेर पडणारा संदेश त्यामुळे शेकडो पटींनी प्रबळ असतो. म्हणूनच त्याची तार रिसिव्हरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ या खाचेतच घालावी. ती ‘फोनो’ खाचेत घातल्यास हेच संस्कार दुसऱ्यांदा होतात; आवाज फाटतो आणि स्पीकर निकामी होण्याचा धोका उद्भवतो.

दुसरा मुद्दा स्वराच्या पोताचा. बहुतेक रिसिव्हर आत आलेल्या संदेशाचे अंकीय रूपांतर करतात. व्हॉल्व्हचा गोडवा शक्य तितका अबाधित राहावा, असे वाटत असेल तर ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ पर्याय निवडावा. एचडीएमआयवाटे येणारा चित्रपटाचा ध्वनी मात्र या प्रीॲम्पमधून जात नाही, हे ध्यानात असावे.

प्रीॲम्पची कळ मध्यम पातळीवर ठेवून आवाज रिसिव्हरवरून कमीअधिक करावा. सुरू करताना आधी प्रीॲम्प लावावा, व्हॉल्व्ह तापण्यास मिनिटभर अवधी द्यावा आणि मगच रिसिव्हर सुरू करावा. बंद करताना क्रम उलटा. अन्यथा स्पीकरमध्ये जोराचा धक्का बसतो.

सतत घुमणारा आवाज येत असल्यास दोन्ही उपकरणे एकाच विद्युतफलकावर जोडून पाहावीत. त्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रकार काही जण करतात. तो प्राणघातक ठरू शकतो. व्हॉल्व्हच्या अनेक यंत्रांत २०० ते ३०० व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. त्यामुळे झाकण उघडण्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे. बाहेरची जोडणी मात्र कोणीही निर्धास्तपणे करू शकेल; खाच तेवढी नीट पाहून निवडावी.