गवताच्या वावरात अवजार घालण्याआधी एक खड्डा खणा



गेल्या आठवड्यात दुग्ध गटाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. हिरव्यागार कुरणावर ट्रॅक्टरमागे खिळ्यांचा मोठा रोलर चालतो, जमिनीला भोकं पडतात, हवा खेळते. "आपल्या अवजार बँकेत हा घ्यायचा का?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. सोमवारच्या बैठकीत हा विषय आहे. पैसा आपल्या सगळ्यांच्या भागभांडवलातला आहे, म्हणून बैठकीआधी हा मेसेज वाचून या. थोडा लांब आहे, पण कामाचा आहे.

*जमीन गच्च होते म्हणजे काय होतं?*
मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यातून पाणी खाली उतरतं आणि मुळांना हवा मिळते. माती ओली असताना तिच्यावर वजन पडलं की या पोकळ्या दबतात. मग पाणी वर साचतं, गवत पिवळं पडतं, युरिया टाकला तरी फुटवा येत नाही. ही दाबणी कोणी केली, त्यावर ती किती खोल आहे हे ठरतं:

१) वरचे २ ते ४ इंच: जनावरांचे खूर. पावसाळ्यात ओल्या वावरात चारलं की हे होतं.
२) ४ ते ६ इंच: रोटाव्हेटर. वरची माती रवाळ दिसते, पण पाती जिथे घासतात तिथे खाली थर बसतो.
३) ८ ते १२ इंच: दरवर्षी एकाच खोलीवर चाललेला नांगर आणि चाऱ्याने भरलेली ट्रॉली.

अवजार त्या थराच्या खाली पोचलं तरच उपयोग. ३ इंचाचे खिळे १० इंचावरचा थर फोडू शकत नाहीत. आणि थर वरच असेल तर दीड फूट खोल जाऊन डिझेल जाळण्यात अर्थ नाही.

*मग थर कुठे आहे ते कसं कळेल?*
ओलितानंतर किंवा पावसानंतर माती थोडी वाफशावर आली की दीड फूट खड्डा खणा. सुकलेल्या काळ्या मातीत सब्बल मारून काही कळत नाही, ती सगळीकडेच दगडासारखी लागते. खड्ड्याच्या भिंतीत चाकूचं टोक वरून खाली टोचत जा. जिथे अडतं तिथे इंच मोजा. मुळंही बघा. सरळ उतरलेली मुळं एका जागी आडवी वळली असतील तर थर तिथेच आहे.

आता दुसरा खड्डा धुऱ्यावर खणा, जिथे ट्रॅक्टर कधी जात नाही. माती तीच, पण न दाबलेली. दोन्हीकडची ढेकळं हातात घेऊन फोडून बघा. फरक नसेल तर तुमच्या वावराला अवजाराची गरज नाही. गवत मागे पडायचं कारण दुसरं आहे: खत, पाणी, जुनं झालेलं ठोंब किंवा जास्त चराई.

*कोणतं अवजार कशासाठी?*

▪️ *खिळ्यांचा रोलर:* फक्त वरच्या ३-४ इंचांसाठी. ज्या थंड, ओल्या देशांत गाई बराच काळ कुरणावरच असतात, तिथल्या गवतासाठी तो ठीक आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, त्यामुळे भोकं लवकर मिटतात. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि स्वतःच भेगा पाडते. हे काम ती फुकट करते, त्यासाठी रोलर कशाला?

▪️ *कल्टीव्हेटर:* ४-५ इंचापर्यंत. नेपियरच्या दोन ओळींत ३ फूट अंतर असेल तर कापणीनंतर मिनी ट्रॅक्टरने मधून एक पाळी मारा. ठोंबापासून वीतभर लांब राहा, थोडी मुळं तुटतात ती पुन्हा फुटतात. लगेच शेणखत टाकून पाणी द्या.

▪️ *चिझल नांगर:* साधारण एक-सव्वा फुटापर्यंत. माती उलटी करत नाही, फाडते. रोटाव्हेटरचा आणि नांगराचा थर फोडायला बहुतेक वेळा हाच पुरतो.

▪️ *सबसॉयलर:* दीड फूट आणि त्याखाली. काळ्या मातीत एका दातालाही ४५ एचपीच्या वरचा ट्रॅक्टर लागतो. लहान ट्रॅक्टरला जोडला की चाकं घसरतात आणि घसरणारं चाक जमीन अजून दाबतं.

▪️ *पलटी नांगर आणि रोटाव्हेटर:* उभ्या गवतात दोन्ही नको. मारवेल, कुसळी यांचं जुनं ठोंब एकदा उपटलं की परत जमायला वर्षं लागतात आणि उताराची माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

*सबसॉयलर चालवताना*
खोली: टोक थराच्या २ इंच खाली असावं. त्याहून फार खोल नको.
अंतर: दीड फूट खोली असेल तर दोन तासांत दोन-सव्वादोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर मधला पट्टा तसाच राहतो.
ओल: जिथे टोक चालणार तिथली माती तळहातावर वळा. पेन्सिलएवढी शेवई वळली तर काम थांबवा. भुगा झाला तर चालू करा.
दिशा: उताराला आडवं.
दहा पावलं चालवून थांबा, आडवा खड्डा घेऊन बघा. थर तुकडे होऊन फुटलेला दिसला पाहिजे.

ओलीबद्दल इतकं का सांगतो? दोन वर्षांपूर्वी एका वावरात मीच घाई केली. वरून माती सुकली होती, खालची बघितली नाही. लोण्यात सुरी जावी तसा दात गेला, भिंती गुळगुळीत झाल्या आणि पावसाळ्यात त्या चरीत पाणी उभं राहिलं. त्या भावाचं भाडंही गेलं आणि हंगामही. तेव्हापासून शेवई वळल्याशिवाय मी कोणाला हो म्हणत नाही.

*तीन ठिकाणी सबसॉयलर घालू नका*
▪️ बरड, मुरमाड वावर, जिथे फूटभर खाली मुरूम लागतो. दगड वर येतील.
▪️ चोपण जमीन. फाडली तरी पुन्हा मिटते. आधी माती परीक्षण करा, जिप्सम किती लागेल ते अहवालावरून ठरवा.
▪️ उभं नेपियर. तीन-चार वर्षांनी ठोंब काढाल, तेव्हा नवीन लागवडीआधी उन्हाळ्यात फाडून घ्या.

आणि गायरानात ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय ट्रॅक्टर नेऊ नका.

*फाडल्यानंतर*
तीन-चार वर्षांत एकदा पुरे, पण त्याच पावसाळ्यात ओल्या वावरात ट्रॉली घातली तर सगळं पाण्यात. चारा वाहायला धुऱ्याच्या बाजूने एकच वाट ठेवा. पावसाळ्याच्या सुरुवातीचा महिना-दीड महिना जनावरं गवतात सोडू नका. वावर रिकामं असेल तर तूर घ्या, तिचं सोटमूळ त्या फटीतून खाली जातं आणि वाट उघडी ठेवतं.

*विकत घ्यायचं असेल तर*
महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. कृषी यांत्रिकीकरणात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान ठरलेल्या मर्यादेत मिळतं. पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल फाडू नका, अनुदान जातं.

*सोमवारसाठी माझं मत:* रोलर घेऊ नये. गटातल्या प्रत्येकाने आपल्या चाऱ्याच्या वावरात आणि धुऱ्यावर एकेक खड्डा घ्यावा, टेप लावून फोटो रविवारपर्यंत मला पाठवावा. ज्यांच्याकडे खोल थर निघेल, त्यांनी मिळून उन्हाळ्यात चिझल किंवा सबसॉयलर भाड्याने आणावा. पाच-सहा जणांचं काम एकाच फेरीत झालं तर येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो. ज्यांच्याकडे थरच निघणार नाही, त्यांचे पैसे वाचले.

खड्डा कुठे घ्यावा हे कळत नसेल तर फोन करा, मी वावरात येतो. सब्बल मात्र तुमची 😊

– आपला कृषी सल्लागार, कारंजा (लाड)