रडणारं मूल आणि न रडणारं मूल

जून महिना. बालवाडीचा दुसरा दिवस. दारात एक मुलगा आईचा पदर घट्ट धरून भोकाड पसरतो आहे. आत भिंतीला टेकून एक मुलगी बसली आहे. वडील सोडून गेले तेव्हा ती रडली नाही. पाठीवरचं दप्तर मात्र तिनं अजून काढलेलं नाही. समोर ठेवलेला ठोकळा तिनं हातात घेतला आणि नुसताच धरून ठेवला. बाई त्या मुलाला म्हणतात, "बघ, ती कशी शहाण्यासारखी बसलीय!"

संध्याकाळी आपण नोंद करतो : मुलगी रुळली, मुलगा अजून रडका आहे. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

आधी रडण्याकडे पाहू. चार महिन्यांचं बाळ कुणाच्याही कडेवर जातं. सात-आठ महिन्यांचं झालं, की अनोळखी माणसाला बघून तोंड वाकडं करतं आणि आई दिसेनाशी झाली की रडतं. शेजारणी म्हणतात, "आता फार चिकट झालंय." खरं तर ते अधिक समजूतदार झालेलं असतं. याच सुमारास त्याला कळायला लागतं, की दिसेनाशी झालेली वस्तूही कुठेतरी असते. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी खेळणं फडक्याखाली लपवून हे तपासलं होतं. फार लहान बाळ लपवलेलं खेळणं शोधतच नाही. थोडं मोठं झालेलं बाळ फडकं ओढतं. आई कुठेतरी आहे पण इथे नाही, हे समजल्याशिवाय तिच्यासाठी रडता येत नाही.

पण आईच का? पूर्वी समजूत होती, की जो दूध पाजतो त्याचा बाळाला लळा लागतो. अमेरिकेतल्या हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लांना दोन खोट्या 'आया' दिल्या होत्या. एक तारेच्या जाळीची, दुसरी मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईजवळ असली, तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि बाकीचा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. भीती वाटली की तिच्याकडेच धावत. हे प्रयोग पिल्लांच्या दृष्टीनं फार क्रूर होते, आणि त्याबद्दल हार्लो यांच्यावर टीकाही झाली. पण लळा आणि भूक या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांतून स्पष्ट झालं.

मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि बाळं पाहिली. रांगणारं बाळ आईपासून दूर जाई, काहीतरी उचलून बघे, मागे वळून आई आहे ना याची खात्री करी, आणि पुन्हा पुढे जाई. म्हणजे जवळचं माणूस बाळाला बांधून ठेवत नाही. ते जवळ आहे या भरवशावरच बाळ दूर जाऊ शकतं.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोर इथे त्यांनी एक साधी चाचणी बसवली. वर्षाच्या आसपासचं बाळ, अनोळखी खोली आणि खेळणी. एक अनोळखी बाई येते, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. एकेक टप्पा सुमारे तीन मिनिटांचा. एन्सवर्थ यांचं मुख्य लक्ष आई गेल्यावर बाळ किती रडतं याकडे नव्हतं. आई परत आल्यावर ते काय करतं, याकडे होतं. बरीच बाळं रडली, आई येताच बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळू लागली. काही बाळं मात्र रडली नाहीत आणि आई आल्यावर तिच्याकडे न बघता खेळण्याकडे वळली. वरवर पाहता हीच शहाणी! पण पुढच्या काळात संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. आई बाहेर गेल्यावर न रडणाऱ्या बाळांचे ठोकेही वाढलेले आढळले. चेहरा शांत होता, शरीर शांत नव्हतं.

थोड्या मोठ्या मुलांचं काय? त्या काळी इंग्लंडमधल्या रुग्णालयांत लहान मुलांना भेटायला आईवडिलांवर कडक बंधनं असत. आई भेटून गेली की मूल रडतं, आई नसली की ते शांत असतं; मग आईनं न आलेलंच बरं, असा हिशोब होता. जेम्स रॉबर्टसन यांना हा हिशोब पटेना. अडीच वर्षांच्या आतली एक मुलगी एका लहान शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होती. रॉबर्टसन यांनी रोज ठरलेल्या वेळी तिचं चित्रण केलं, म्हणजे निवडून रडण्याचेच प्रसंग घेतले असं कुणी म्हणू नये. मुलगी फारशी रडत नाही. मधूनच, हळूच आईची चौकशी करते. आणि आई भेटायला आली की तिच्यापासून तोंड फिरवते. १९५२ साली हा चित्रपट डॉक्टरांना दाखवला, तेव्हा अनेक जण रागावले. पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनं, आईवडिलांना मुलांना भेटण्याची मोकळीक असावी, अशी शिफारस केली.

बालवाडी म्हणजे रुग्णालय नव्हे. तीन वर्षांचं मूल बाळही नव्हे. न रडणारं प्रत्येक मूल दुःखी असतं असंही नाही. काही मुलं स्वभावानंच शांत असतात, काहींना आजी, काकू, शेजारी अशा अनेकांची सवय असते. तेव्हा दारातल्या दोन मिनिटांवरून मुलावर कोणताच शिक्का मारू नये. पण 'रडणं थांबलं' आणि 'मूल रुळलं' या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एवढं नक्की.

मग रुळलं हे ओळखायचं कसं? मूल खेळण्यात रमतं का? डबा खातं का? आई न्यायला आली की तिच्याकडे धावतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, पडलं, लागलं, तर ते कुणाकडे जातं?

बालवाडीत तो भरवशाचा माणूस आपणच व्हायचं असतं. त्यासाठी फार साधनं लागत नाहीत. पहिले काही दिवस मुलाला दारात रोज एकाच बाईंनी घ्यावं. आईला "त्याचं लक्ष नाही तोवर सटका" असं सांगू नये. आई न सांगता नाहीशी होते हे एकदा कळलं, की मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं. आईनं "येते" म्हणून निरोप घ्यावा आणि लगेच निघावं. "बारा वाजता येईल" याचा मुलाला अर्थ लागत नाही. "खिचडी खाऊन झाली, गोष्ट झाली, की येईल" याचा लागतो. आणि तेव्हा आई खरंच यावी. घरचा रुमाल किंवा बाहुली जवळ असू द्यावी. शक्य असेल तर पहिला आठवडा वेळ कमी ठेवावा.

तारा मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. हेतू वेगळा होता, पण त्यात एक सोय आपोआप झाली. मुलाला घर दिसत होतं, माणसं ओळखीची होती. आज आपली शाळा अंगणात नसेल. मग अंगणातली ती ओळख आपल्याला वर्गात तयार करावी लागेल.

आता पुन्हा त्या मुलीकडे. समजा, आठव्या दिवशी धावताना ती पडली, उठली, थेट बाईंकडे आली आणि त्यांचा पदर धरून मोठ्यांदा रडली. शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणतील, "अरेच्चा, ही तर शांत होती ना! ही पण रडायला लागली?"

त्या दिवशी वहीत लिहायला हरकत नाही : मुलगी रुळू लागली.