थंडीत रुसलेली जुनी मालमोटार

ज्यांच्या पूर्वजांनी १८३४ नंतर करारपत्रावर अंगठा उठवून मॉरिशसची वाट धरली, किंवा १८३८ नंतर गयानाच्या आणि १८४५ नंतर त्रिनिदादच्या मळ्यांत ऊस तोडला, त्यांच्या घराण्यांत ऊन, पाऊस आणि तुफान यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कोणता ढग बरसणार आणि गाडीच्या कण्याला वंगण केव्हा घालावयाचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. परंतु रात्री अंगणात ठेवलेले पाणी सकाळी दगडासारखे घट्ट होते, हा अनुभव त्या देशांत कोणास आला नव्हता. तो त्यांच्या नातवंडा-पणतवंडांस हडसन नदीच्या काठी, जर्सी सिटीत आला.

येथील हिवाळा काही वेळा फार कठोर होतो. नदीपलीकडील न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ९ फेब्रुवारी १९३४ रोजी पारा उणे २६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. असे दिवस विरळा. तथापि गोठणबिंदूच्या खालची रात्र जानेवारीत नित्याचीच असते. अशा रात्री जुनी पिकअप मालमोटार रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी राहते. रंगारी, सुतार, नळकाम करणारा किंवा न्यूअर्क अव्हेन्यूवरील दुकानांस माल पोचविणारा गृहस्थ पहाटे किल्ली फिरवितो आणि इंजिन कण्हून गप्प बसते. नव्या गाडीची ऐपत नसते, आणि कामावर पोचण्यास उशीर झाला तर त्या दिवसाची रोजी बुडते. म्हणून गाडी का रुसली हे शोधण्याची रीत प्रत्येक घरात एकाला तरी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

थंडीचा घाव गाडीवर तीन ठिकाणी बसतो. पहिला बॅटरीवर. १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि आम्ल यांपासून जी बॅटरी बनविली, तिचेच सुधारलेले रूप आजही गाडीच्या टपाखाली असते. तिच्यातील शक्ती रासायनिक क्रियेतून निर्माण होते आणि थंडीत ती क्रिया मंदावते. गोठणबिंदूवर बॅटरीचे बळ सुमारे एकतृतीयांशाने घटते. उणे १८ अंशांवर ते निम्म्याहूनही कमी उरते. दुसरा घाव वंगणतेलावर बसतो. तेल काकवीसारखे दाट होते, आणि इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. म्हणजे जेव्हा बळ कमी, तेव्हाच ओझे अधिक! तिसरा घाव पेट्रोलवर बसतो. पेट्रोल द्रवरूपात पेट घेत नाही, त्याची वाफ पेटते; आणि थंडीत ती वाफ पुरेशी होत नाही.

दोष शोधताना पाना हाती घेण्यापूर्वी कान द्यावा. किल्ली फिरविल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडते. एक, काहीच आवाज नाही किंवा नुसती टकटक. दोन, स्टार्टर, ज्याला आपले मिस्त्री ‘सेल्फ’ म्हणतात, रडत-रखडत फिरतो. तीन, इंजिन चांगले गरगर फिरते, पण पेटत नाही. पहिल्या दोन प्रकारांत दोष बहुधा विजेच्या बाजूस असतो. तिसऱ्यात पेट्रोल किंवा ठिणगी यांच्या बाजूस. हा एवढा भेद लक्षात ठेवला तर अर्धे काम झाले.

काहीच आवाज होत नसेल तर पुढील दिवे लावावेत आणि मग किल्ली फिरवावी. दिवे मालवू लागले, तर बॅटरी क्षीण आहे किंवा तिच्या जोडण्या सैल आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले आणि इंजिन हलले नाही, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या स्विचवर घ्यावा. बॅटरीची जोडणी हा जुन्या गाडीचा नेहमीचा मर्मबिंदू. खांबांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर वीज वाटेतच अडते. इंजिन बंद असताना प्रथम ऋण तार, मग धन तार सोडवावी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने खांब घासावेत, पुसून कोरडे करावेत आणि उलट क्रमाने जोड घट्ट बसवावेत. विश्रांती घेतलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२·६ व्होल्ट असतो. १२ व्होल्टच्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. अशी रिकामी बॅटरी गोठणबिंदूच्या काही अंश खालीच गोठू शकते, तर पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासच्याही खाली टिकते. बॅटरीची पेटी फुगलेली अथवा तडकलेली दिसली, तर ती गोठली असे समजून तिला कोणतीही तार लावू नये; स्फोटाचा धोका असतो.

शेजाऱ्याच्या गाडीतून वीज घ्यावयाची असेल, तर क्रम चुकवू नये. तांबडी तार प्रथम मृत बॅटरीच्या धन खांबास, नंतर चालू बॅटरीच्या धन खांबास. मग काळी तार चालू बॅटरीच्या ऋण खांबास आणि तिचे दुसरे टोक मृत बॅटरीस नव्हे, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या रंगविरहित धातूस, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. शेवटच्या जोडणीस ठिणगी पडते, ती दूर पडावी एवढ्यासाठी हा नियम. त्यावेळी विडी-सिगारेट दूर ठेवावी. सेल्फही एका दमात दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. मध्ये एक-दोन मिनिटे त्यास निवू द्यावे, नाही तर एका दोषाचे दोन होतात.

इंजिन चांगले फिरते, पण पेटत नाही, तेव्हा कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीत प्रथम चोक पाहावा. थंडीत मिश्रणात हवा कमी आणि पेट्रोल अधिक लागते. ते काम चोकची झडप करते. हाताचा चोक असल्यास बटण ओढावे. स्वयंचलित असल्यास किल्ली फिरविण्यापूर्वी प्रवेगक पेडल एकदाच खाली दाबून सोडावे. त्याने झडप बंद होते आणि थोडे पेट्रोल आत उडते. अधीर होऊन पेडल पुनःपुन्हा दाबल्यास इंजिन पेट्रोलने बुडते आणि वास येऊ लागतो. तसे झाल्यास काही मिनिटे थांबावे, मग पेडल पूर्ण दाबून धरून सेल्फ फिरवावा, म्हणजे अधिक हवा आत जाऊन पेट्रोल वाळते. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याचे साहस कोणीही करू नये. उलटा भडका उडून चेहरा भाजतो. पेट्रोल इंजेक्शनने येणाऱ्या गाडीत पेडलला हात लावण्याचे कारणच नसते. किल्ली दुसऱ्या टप्प्यावर दोन सेकंद ठेवून पंपाची गुणगुण ऐकावी, ती आली नाही तर पंप किंवा त्याचा फ्यूज तपासावा.

पेट्रोल पोचत असूनही इंजिन पेटले नाही, तर ठिणगी पाहावी. जीर्ण प्लग, चिरा पडलेल्या तारा आणि डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणातील ओल हे तीन जुने गुन्हेगार. उन्हाळ्यात ते लपून राहतात. थंडीत स्टार्टर बॅटरी पिळून घेतो, ठिणगी दुबळी होते, आणि त्यांचे पितळ उघडे पडते.

गाडी एकदा सुरू झाली की माणूस हर्षाने सावधपणा विसरतो, आणि तोच सर्वांत मोठा धोका. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला प्राणघातक वायू साचतो. या वायूची भीती जर्सी सिटीस फार जुनी आहे. येथून मॅनहॅटनला जाणारा हॉलंड बोगदा नोव्हेंबर १९२७ मध्ये खुला झाला. त्याच्या बांधणीपूर्वी मोटारींच्या धुरात माणूस किती वेळ राहू शकतो, याचे प्रयोग येल विद्यापीठात करण्यात आले. त्यांच्या आधारे ८४ प्रचंड पंखे बसवून दीड मिनिटाला बोगद्यातील सारी हवा बदलण्याची योजना झाली. ज्या धुरासाठी एवढा खटाटोप करावा लागला, तो आपल्या गॅरेजात बंद करून घेणे म्हणजे मृत्यूस पाहुणा बोलाविणेच होय. गाडी बाहेर काढूनच तापवावी.

अर्थात सकाळचे संकट आदल्या रात्रीच टाळता येते. गाडीच्या पुस्तिकेने अनुमती दिल्यास हिवाळ्यात ५डब्ल्यू-३० सारखे पातळ तेल वापरावे. त्यातील डब्ल्यू अक्षर हिवाळ्याचेच निदर्शक आहे. टाकी निम्म्याहून अधिक भरलेली ठेवावी, म्हणजे तिच्या भिंतींवर दव जमण्यास जागा राहत नाही. न्यू जर्सीत १९४९ पासून पेट्रोल स्वतः भरण्यास मनाई असल्याने ते भरणारा नोकर पंपावर हजर असतो. त्यास फक्त आधी सांगण्याचे स्मरण ठेवावे. आजच्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते थोडे पाणी शोषून घेते. परंतु जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांस ते मानवत नाही, म्हणून त्या वर्षातून एकदा तपासाव्यात. केवळ शेजारच्या दुकानापर्यंत जाऊन परतण्याने बॅटरी भरत नाही; आठवड्यातून एकदा तरी लांबची फेरी करावी. घराजवळ वीज असल्यास इंजिन तापविणारा ब्लॉक-हीटर हा उत्तम मित्र होय.

बैलाच्या खुरात काटा मोडला की आपले पूर्वज त्यास चाबूक मारीत नसत. खाली वाकून खूर उचलून पाहत. बिघडलेल्या गाडीशीही तेच करावे. तिला शिव्या देऊन ती सुरू होत नाही, ऐकून आणि पाहून होते. आजोबांचे हे शहाणपण, ऊसमळ्यांतून निघून हिमाच्छादित रस्त्यावर आलेल्या नातवाच्याही उपयोगी पडावे, यात नवल ते काय?