दवाखान्यातला स्पर्श

दवाखान्यातील मदतनीस बाईचे काम म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली उभे राहणे, असा समज आहे. तो अपुरा आहे. बाह्यरुग्ण विभागात रोग्याच्या अंगाला पहिला हात लागतो तो बहुधा मदतनिसाचा. म्हणून या कामाचा विचार करायचा तर स्पर्शाचा विचार करावा लागतो. आणि आपल्या समाजात स्पर्शाचा विचार जातीला वगळून होऊ शकत नाही.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील अणदूर या गावी मी हे काम करते. केसपेपर काढणे, वजन, ताप व रक्तदाब पाहणे, जखम धुऊन पट्टी बांधणे, गोळी कशी घ्यायची ते रोग्याच्या बोलीत सांगणे, हा रोजचा क्रम.

रक्तदाबाचेच उदाहरण घ्या. रोग्याला पाच मिनिटे स्वस्थ बसवायचे, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून पट्टा बांधायचा. मग मनगटाची नाडी बोटांनी धरून हवा भरायची. नाडी जिथे लागेनाशी होते, त्याच्या तीस आकडे वर न्यायचे आणि सावकाश हवा सोडीत स्टेथोस्कोपने ठोके ऐकायचे. नाडी न धरता हवा भरली तर काही रोग्यांत ठोके मध्येच लोपतात आणि वरचा दाब कमी नोंदला जातो. म्हणजे येथे स्पर्श हा उपकार नाही, शिष्टाचारही नाही. तो मापनाचा भाग आहे. स्पर्श टाळला की निदान चुकते.

ते किती चुकते याचा पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवला आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची ही हकिकत ‘यंग इंडिया’च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापून आली होती. त्याची बाळंत बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत गेला. न्यूमोनिया आहे, असे डॉक्टरने सांगितले, पण पुन्हा पाहायला आला नाही. बाई मेली. तापाचा आकडा तीन हातांतून पोचू शकतो; छातीतला आवाज पोचत नाही. त्यासाठी कान छातीजवळ न्यावा लागतो.

१९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे, किंवा प्रवेशानंतर भेदभाव करणे, हा गुन्हा ठरवला. परंतु कायदा रोग्याच्या बाजूचे दार उघडतो. उपचार करणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या कामात खेड्यातल्या बाया आरोग्यसेविका झाल्या. त्यांत अनेक दलित व निरक्षर होत्या. आमच्या अणदूरला १९९० नंतरच्या दशकात हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायांना प्राथमिक उपचार शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. यातून सिद्ध झाले ते एवढेच की, हाताची किंमत जन्माने ठरत नाही, शिक्षणाने ठरते.

अजूनही एखादी म्हातारी विचारते, ‘तू कुणाची गं?’ मी म्हणते, ‘आजी, दंड सैल सोडा.’ ठणकती जखम घेऊन आलेला माणूस बहुधा दुसऱ्यांदा विचारीत नाही. गरज सोवळे सोडायला लावते. पण गरजेपुरते सुटलेले सोवळे म्हणजे समता नव्हे.

खरा प्रश्न दवाखान्याच्या आतच आहे. येथे स्पर्शाच्या दोन जाती आहेत. नाडी धरणारा स्पर्श मानाचा. रक्त, पू, ओकारी पुसणारा स्पर्श हलका. पहिल्याला प्रमाणपत्र लागते, दुसऱ्याला बहुतेक वेळा आडनाव पुरते. मी पूर्वी जिथे होते, तिथे कावीळ-बीची लस मला मिळाली. सुयांचा डबा उचलणाऱ्या बाईला मिळाली नाही. ती ‘स्टाफ’मध्ये मोजलीच जात नव्हती. वस्तुतः सुई टोचण्याचा धोका तिला माझ्यापेक्षा कमी नव्हता. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायला सांगतात, आणि कचरा हाताळणाऱ्यांनाही कावीळ-बी व धनुर्वाताची लस देणे बंधनकारक करतात. पिशव्यांची रंगवार विभागणी बऱ्याच ठिकाणी दिसते. माणसांची जातवार विभागणी मात्र तशीच राहते.

तेव्हा मागणी साधी आहे. सफाईचे काम पाळीने वाटले जावे. ते करणाऱ्या प्रत्येकीला लस, हातमोजे आणि हजेरीपटावर नाव मिळावे. आणि कामावर शिकलेल्या मुलींना दोन वर्षांच्या एएनएम अभ्यासक्रमाची वाट मोकळी व्हावी, म्हणजे त्यांचे कौशल्य मालकाच्या मर्जीवर राहणार नाही. पुसणारा हात आणि नाडी धरणारा हात एकाच देहाचे असतात, हे रोग्याला केव्हाच कळले आहे. दवाखान्याला ते कळायचे आहे.